घुमीच्या सड्यावरच्या बावीस पिशव्या

१

तंबूत बावीस पिशव्या असायला हव्या होत्या. शनिवारी सकाळी मुकादमाने कनात बाजूला केली, तेव्हा तिथे पिवळं पडलेलं गवत तेवढं होतं. पिशव्या सांभाळणारा दामोदर गुरुवारी दुपारपासूनच कुणाला दिसला नव्हता. तपासाला आलेल्या हवालदाराने दोन्हींची बेरीज केली, ‘नमुने घेऊन फरारी’ असं लिहिलं आणि चहा पिऊन परत गेला.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीतली. मी तेव्हा पेणच्या एका खनिज प्रयोगशाळेत कारकून होतो. प्रयोगशाळा म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे काही चकचकीत येत असेल तर ते पुसून टाकावं. बाजारामागे भाड्याच्या तीन खोल्या, एक भट्टी, एक तराजू आणि अनसूयाबाई गुप्ते, एवढाच आमचा संसार. बाई मूळच्या रोह्याच्या. घराण्याकडे एके काळी बक्कळ जमीन होती म्हणे, पण बाईंच्या वाट्याला आली ती फक्त ताठ मान. वय पन्नाशीचं, डोळ्यांवर चष्मा, आणि आवाज असा की भट्टीसुद्धा वेळेवर पेटायची.

नमुने होते निडीच्या वरच्या अंगाला असलेल्या तळवाडीच्या डोंगराचे. डोंगराचा माथा सपाट, नुसता जांभ्या दगडाचा सडा. अशा सड्याच्या पोटात कधीकधी बॉक्साइट सापडतं, आणि बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम. आमच्या सरकारी खनिज खात्याने तिथे खड्डे खणून दगड गोळा केला होता. त्यात ॲल्युमिना, म्हणजे ज्यातून ॲल्युमिनियम निघतं तो अंश, शंभरात चाळीसच्या वर निघाला तर कंपनी सडा खोदायला घेणार, आणि खालची नव्वद घरं उठणार. चाळीसच्या खाली निघाला तर तो नुसता दगड, कुणी ढुंकून बघणार नाही. गावाचं सगळं नशीब त्या पिशव्यांत शिवलेलं होतं.

बाईंनी हवालदाराचा कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“कमळाकर, दगड कोण चोरतं हो?”

“दुसरी एखादी कंपनी असेल, बाई. फितवला असेल त्याला.”

“अख्खा डोंगर उघड्यावर पडलाय. ज्याला दगड हवा, तो एक कुदळ मारून नेईल. त्यासाठी माणूस कशाला फितवायचा? पिशव्या नेणाऱ्याला दगड नकोच होता. दगड इथे पोचायला नको होता.” त्यांनी कागद उलटा ठेवला. “आणि एक पिशवी पाच किलोची. बावीस पिशव्या डोक्यावर घेऊन पळून दाखवा बरं मला.”

मी मनात गुणाकार केला. एकशे दहा किलो. एक माणूस एवढं ओझं घेऊन आगगाडीत चढला असता तर अख्ख्या निडी स्टेशनाने पाहिला असता.

“म्हणजे, बाई...”

“म्हणजे पिशव्या लांब गेलेल्याच नाहीत. जीप सांगा.”

२

गडब मागे टाकलं, नागोठण्याला वडापाव खाल्ला, आणि अकराच्या सुमाराला तळवाडीच्या पायथ्याशी उतरलो. दामोदर नाहीसा झाल्याला तो अकरावा दिवस होता. मी जोह्याचा. आमच्याकडे गणपतीचे कारखाने, भाताची शेतं, दिवसभर माणसांची वर्दळ. तळवाडीत मात्र भर दिवसा दारं लावलेली होती. कोंबडीसुद्धा अंगणात नव्हती.

छावणीत हैबतराव भेटले. हे भाडेपट्टा मागणाऱ्या कंपनीचे माणूस, पांढरा सफारी आणि बोटात तीन अंगठ्या. त्यांनी खुर्च्या मागवल्या.

“मॅडम, मी पहिल्यापासून सांगत होतो, माणूस बरोबर नाही. चार माणसांत मिसळायचा नाही. पिशव्या एकदा शिवल्या की सील मारायचा चिमटा खिशात ठेवून झोपायचा, जसा काही खजिन्याची किल्ली.”

“त्याचं कामच होतं ते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही गुरुवारी कुठे होतात?”

“रोह्याला. शनिवारी दुपारी परत आलो. लॉजचं रजिस्टर बघा.” ते जरा पुढे वाकले. “माझं तर नुकसानच झालंय. पुन्हा खणावं म्हटलं तर गावातला एक माणूस कुदळ उचलायला तयार नाही. देवी कोपली म्हणतात.”

नुकसान झालेल्या माणसाचा चेहरा कसा असतो ते मला ठाऊक आहे. हैबतरावांचा तसाच होता, हे कबूल करायला मला जड गेलं, कारण तोवर मी मनातल्या मनात त्यांना बेड्या घालून मोकळा झालो होतो.

मुकादम कान्हू हा गडबचा, साधा आणि काटक. शनिवारी पहाटे त्यानेच दामोदरला जाताना पाहिलं, असं हवालदाराच्या कागदात होतं.

“व्हय, पाह्यला,” कान्हू म्हणाला. “शुक्रवारभर गडबला घरी होतो, रातीच परतलो. पहाटं धुकं लय होतं. सड्याच्या वाटंला मानूस चढत होता. अंगावर घोंगडी, डोक्यावर वझं. म्या म्हनलं दामोदरच. पल्याडून उतरून निडीला जायाचा आसंल, सकाळच्या गाडीला.”

“तोंड पाहिलंस?”

“नाय. पाठ पाह्यली.”

“त्याने वळून पाहिलं?”

कान्हूने मान खाजवली. “म्या हाक मारली, ‘दामू’ म्हून. तो थांबला. पन वळला नाय. आन् मग...” तो घुटमळला. “मग तो मागं वळून न बघता तसाच चालू लागला, पर बाई, मला भ्या वाटलं. घटकाभरानं त्योच मानूस खाली उतरताना दिसला, रिकामा. आन् पुन्यांदा वझं घेऊन वर.”

“किती वेळा?”

“मी दोनदा पाह्यला. मंग बघितलाच नाय. झावळीमागं तोंड लपवून बसलो.”

३

दामोदरची बायको मालू गावच्या टोकाला बापाकडे राहत होती. दामोदर दोन वर्षांपूर्वी पहिल्या पाहणीला आला, तेव्हा इथेच त्याचं लग्न जमलं. मालू विशीतली असेल. कपाळावर कुंकू होतं, वाकडं लावलेलं. ओसरीवर दामोदरचा शर्ट वाळत होता. अकरा दिवस तो दोरीवरच होता.

“शेजारनी येत नायत,” ती म्हणाली. “निम्म्या म्हनतात चोराची बायको. निम्म्या म्हनतात रांडाव झाली, तरी कुकू लावते. बाई, मला एकच सांगा. माझा घोव चोर हाय का मेलेला हाय? जे आसंल ते आसंल. पन मला ठावं पायजे.”

बाईंचा आवाज इतका खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला. “सांगेन. आधी तू सांग. त्याच्या मागे कुणी लागलं होतं?”

“दोन्हीकडून लागले होते. हैबतराव म्हनायचे, चांगला चांगला दगड बघून भर. गावातले म्हनायचे, वाईट भर, नायतर आमी उठू. ह्यांचं एकच, जो खड्ड्यातनं निघंल तोच भरनार. ढीग करायचे, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन उचलायचे. मला म्हनायचे, बघ मालू, ह्यात माझा हात कुटंच लागत नाय.” तिने शर्टाकडे पाहिलं. “आसा मानूस चोरी करंल?”

“गुरुवारी काय झालं?”

“जेवून सड्यावर गेले, खड्डे मोजायला. बनियनवरच गेले. पळनारा मानूस शर्ट टाकून जातो का?”

“मग तू कुणाला शोधायला का नाही पाठवलंस?”

मालू उठली. मग तिने दाराची कडी लावली आणि आत येऊन आमच्यासमोर बसली.

“कारन शुक्रवारी घुमी बोलली,” ती म्हणाली. “आन् समदे म्हनतात, ती माझं नाव घेत होती.”

४

घुमी कोण, ते मालूच्या बापाने सांगितलं. बाबाजी घुमीचा गुरव. साठीचा, वाळका, डोळे निवांत. आम्ही त्याला देवळाच्या पायरीवर गाठलं.

“सड्यावर घुमीचा पाषान हाय,” तो म्हणाला. “ती रोज दुपारी घुमते. वारा सुटला की आवाज खाली गावात येतो. आमच्या आज्यापंज्यानं ऐकला. पन कधीमधी ती बोलते. मानसासारखी हाक मारते, नाव घेऊन. तवा ओ द्यायची नाय. ज्यानं ओ दिली तो गेला. त्या दिवशी दारं लावायची, कानात बोळे घालायचे, एकवीस दिस सड्यावर पाय ठेवायचा नाय. फकस्त गुरवानं निवद घेऊन जायचं.”

“शुक्रवारी ती काय बोलली?”

“‘मालू’ म्हनली. सकाळधरनं सांजेपत्तर.” त्याने हात जोडले. “सगळ्या गावानं ऐकलं. मी माझ्या लेकीच्या कानात ह्या हातानं कापूस घातला, आन् तिच्यापाशी सूप बडवत बसलो. एकुलती एक पोर माझी.”

नव्वद घरं दारं लावून बसली आहेत, भर उन्हात, आणि डोंगर एका पोरीला हाका मारतो आहे. मला घरी जावंसं वाटलं.

“आणि शनिवारी?” बाईंनी विचारलं.

“शनवारी गप झाली. तवापास्नं गपच हाय. जावई घेतला तिनं. पोट भरलं.”

“रोजचं घुमणंसुद्धा बंद?”

“समदं बंद.”

“याआधी कधी अशी दहा-दहा दिवस गप्प राहिली होती?”

बाबाजी विचारात पडला. “नाय,” तो म्हणाला. “कधीच नाय.”

दुपार झाली होती. मी सहज वर पाहिलं. सड्याच्या कडेला वाळलेलं गवत उभं होतं आणि ते सगळं एका बाजूला निजलेलं दिसत होतं. खाडीवरून चांगला वारा सुटला होता. बाईही तिकडेच पाहत होत्या.

“कमळाकर,” त्या हळूच म्हणाल्या, “वारा तर आहे. मग ती गप्प का?”

५

एकवीस दिवसांची बंदी होती, म्हणून गावातलं कुणी येईना. कान्हू गडबचा, त्याला ती लागू नव्हती. तरी तो माझा हात धरून चालत होता, का मी त्याचा, ते आता आठवत नाही.

सड्यावर पाऊल ठेवलं आणि मी थबकलो. पायाखालून आवाज येत होता. माझं पाऊल पडलं की क्षणभराने खालून दुसरं पाऊल पडायचं, जसं कुणी दगडाच्या उलट्या बाजूने आमच्याबरोबर चालतंय. मी थांबलो की तेही थांबायचं.

“घाबरू नका,” बाई म्हणाल्या. त्यांनी हातोडीने जमिनीवर टकटक केलं आणि कान दिला. “जांभ्याचा वरचा थर कडक असतो. खाली मऊ माती. शेकडो पावसाळे ती माती धुऊन नेतात आणि वर नुसतं छप्पर उरतं. हा सडा पोकळ आहे. कुठे हातभर जाड, कुठे वीतभरसुद्धा नाही. मी पाय ठेवीन तिथेच ठेवा.”

ज्ञानाने भीती जाते असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पायाखाली वीतभर दगड आणि त्याखाली काळोख आहे हे कळल्यावर माझी तर वाढली.

खड्डे ओलांडून आम्ही पाषाणापाशी पोचलो. शेंदूर लावलेला, माणसाच्या उंचीचा दगड. पुढे सुकलेली फुलं, भाताचे गोळे मुंग्यांनी नेलेले. सगळीकडे लाल जमीन, लाल दगड, लाल धूळ. बाई वळसा घालून पाषाणाच्या मागे गेल्या. कान्हू किंचाळल्यासारखा म्हणाला, “मागं नाय जायाचं, बाई. गुरवाबिगर कुनी नाय जात.”

बाई गुडघ्यावर बसल्या होत्या. त्यांच्यासमोर जमिनीत सुपाएवढा गोल भाग होता, नीट लिंपलेला. हाताची बोटं उमटलेली. तो काळा होता.

“कान्हू, ही कसली माती?”

कान्हूने वाकून चिमूटभर उचलली आणि बोटांत चुरली. “शेतातली हाय ही. भाताच्या. बांधाला भोक पडलं की आमी असाच चिखल थापतो, पानी जायाला नको म्हून.” त्याने आजूबाजूला पाहिलं. “पन हितं वर शेत कुटं हाय?”

“नाही ना. ती खालून कुणीतरी डोक्यावर आणली.”

बाईंनी हातोडीच्या टोकाने चिखल उकरला. सुकलेलं ढेकूळ निघालं. त्याखाली कापड होतं. कापडाला सुतळीची शिवण होती, शिवणीला शिशाचं सील, आणि सीलवर आकडा.

बावीस.

६

बाईंनी तिथून एकही पिशवी हलवली नाही. कान्हूला खाली पाठवलं, दोर, माणसं, हवालदार आणि बाबाजीला घेऊन ये म्हणून. चार वाजायच्या सुमाराला सगळे आले. गावकरी सड्याच्या कडेलाच थांबले. मालू मात्र सरळ चालत आली. कुणी तिला अडवलं नाही, बहुधा कुणाचा धीर झाला नाही.

“मी साधं सांगते,” बाई म्हणाल्या. “ज्या डोंगराला तोंड आहे तोच घुमतो. वारा तोंडावरून गेला की आवाज येतो, बाटलीवर फुंकर मारल्यासारखा. वारा आहे आणि आवाज नाही, म्हणजे तोंड बंद केलंय. शनिवारी पहाटे कान्हूने जो माणूस पाहिला तो पळून जात नव्हता. तो तंबूतल्या पिशव्या इथे आणत होता. एका खेपेत जमत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा. तंबू गावाच्या वरच आहे, पण गाव तेव्हा दारं लावून बसलेलं.”

“कोन पन तो?” हवालदाराने विचारलं.

“तुम्हीच मोजा. हैबतराव रोह्याला होते, आणि पिशव्या पोचण्यात त्यांचा फायदा होता, हरवण्यात नव्हता. कान्हू गडबचा. पाषाणाच्या मागे तोंड आहे हे त्याला आजपर्यंत माहीत नव्हतं, मघाशी तो तिकडे पाऊल टाकायलाही घाबरत होता. भोक बुजवताना शेतातला चिखल थापायचा हे भातकऱ्याच्या हाताला सुचतं. आणि शुक्रवारी घुमी बोलली. त्यानंतर तळवाडीचा एकही माणूस जिवाच्या भीतीने सड्यावर येणार नाही. फक्त एकाला यावंच लागतं.”

मालूने मान वळवून बापाकडे पाहिलं.

“पिशव्या काढा,” बाई म्हणाल्या.

कान्हूने एकेक पिशवी ओढली. पिशव्या झाडाच्या आडव्या दांड्यांवर रचलेल्या होत्या. शेवटची निघाली, दांडे निघाले, आणि आतून गार हवेचा झोत वर आला. मग डोंगर घुमू लागला. खालून, पायांतून, दातांतून तो आवाज येत होता. कडेला उभं असलेलं गाव चार पावलं मागे सरलं. मीही सरलो.

कान्हू कमरेला दोर बांधून उतरला. तो बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा त्याने कुणाकडे पाहिलं नाही.

“हाय,” तो म्हणाला. “पाय मोडलाय त्याचा. त्यानं दगडांवर दगड रचलेत, वर यायला. कंबरेइतके झाले होते.” त्याने मूठ उघडून बाईंना सील मारायचा चिमटा दिला. “खिशात होता.”

मालू खाली बसली. तिने तोंडावर पदर घेतला आणि एकदाच, अगदी हळू म्हणाली, “मी ऐकलं असतं, तर मी ओ दिली असती.”

तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. शुक्रवारी सकाळपासून सांजेपर्यंत डोंगर तिचं नाव घेत होता. नव्वद घरांनी ते ऐकलं होतं. मोडक्या पायाचा एक माणूस काळोखात बसून बायकोला हाका मारत होता, आणि आज्यापंज्याची शिकवण पाळून एकाही माणसाने त्याला ओ दिली नव्हती. त्या कडेला उभ्या असलेल्या एका म्हातारीने कान दोन्ही हातांनी झाकून घेतले. आता झाकून काय उपयोग होता, असं मला वाटलं, आणि मग मला त्या म्हातारीची इतकी दया आली की मी दुसरीकडे पाहिलं.

बाबाजी पाषाणाला टेकून उभा होता.

“म्या ढकलला नाय,” तो म्हणाला. “गुरवारी हितंच बोलत होतो. म्हनलं, जावयबापू, पिशव्या उसवा, वढ्यातला काळा दगड भरा, सील तुमच्याच खिशात हाय, कुनाला कळतंय? गाव वाचंल. तो म्हनला, मामा, येवढं सांगू नका. आन् मागं सरला. मागं सरला आन् दिसंनाच झाला. म्या लय हाका मारल्या. आवाज नाय. म्हनलं, मेला.”

“आणि शुक्रवारी?” बाईंनी विचारलं.

बाबाजीने ओठ चाटले. “शुक्रवारी आवाज आला.”

“तुला ठाऊक होतं तो कुणाचा.”

“चाळीस वर्सं मी लोकांस्नी सांगत आलो, ती बोलते, ओ देऊ नका. त्या दिशी मला वाटलं तीच बोलते.” त्याने पाषाणावरचा हात काढला. “वाटून घेतलं. वर काढला असता तर पिशव्या पेनला गेल्या असत्या. एक मानूस आन् नव्वद घरं, बाई. शनवारी आवाज थांबला, मंग पिशव्या आनल्या. घुमीचं तोंड बंद झालं की देवी कोपली म्हून पुन्हा कुनी खनायला येनार नाय.”

“माझ्या कानात कापूस घातलास, बाबा,” मालू म्हणाली.

हवालदाराने त्याला धरलं. तो गेला तेव्हा एकदाही लेकीकडे पाहण्याचं धाडस त्याला झालं नाही.

७

दामोदरला दुसऱ्या दिवशी अग्नी दिला. मग सरपंचांसह चारपाच जाणती माणसं बाईंकडे आली. बावीस पिशव्या मालूच्या ओसरीवर मांडलेल्या होत्या.

“बाई,” सरपंच म्हणाले, “दहा दिस चिखलाखाली पडल्यात त्या. फाटल्या, भिजल्या, नमुना बाद, असं लिवा. आमचा मानूस गेला, आता गाव तरी ऱ्हाऊ द्या.”

हैबतराव दारात उभे होते. ते तोंड उघडणार होते, पण बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांनी बेत बदलला.

बाई पिशव्यांपाशी बसल्या. एकेक सील त्यांनी बोटाने चाचपलं. मला त्यांची मान दिसत होती. ती नेहमीसारखी ताठ नव्हती. एक वाक्य लिहिलं की नव्वद घरं वाचत होती, आणि त्या वाक्याला कुणी हरकतही घेतली नसती. मी स्वतः ते सुवाच्य अक्षरात लिहून दिलं असतं.

“मालू,” त्या म्हणाल्या, “तुला काय वाटतं?”

गावातली माणसं चमकली. मालूला कुणी काही विचारील हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

मालू पुढे आली. कपाळ पुसलेलं होतं. “फाटल्यात?” तिने विचारलं.

“नाही. एकही नाही. सुतळीसुद्धा सुटली नाही.”

“शिवन त्यांची हाय,” ती म्हणाली. “तुमी फाटली म्हून लिवलं, तर कागदावर कुनी फाडली आसंल? त्यांनीच. मंग ते चोरच ऱ्हातील.” ती गावकऱ्यांकडे वळली. “दोन्हीकडनं सांगून त्यांनी येक खडा बदलला नाय. मी बदलनार नाय. गाव उठलं तर मी बी उठंन तुमच्यासंगट.”

तिने पहिली पिशवी उचलून डोक्यावर घेतली आणि जीपकडे चालू लागली. सरपंचांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने कान्हूने दुसरी उचलली, मग मी तिसरी. गावातलं कुणी हात लावला नाही, पण कुणी अडवलंही नाही.

बाईंनी आठवडाभर भट्टी विझू दिली नाही. प्रत्येक पिशवी तीनतीनदा तपासली. शेवटच्या दिवशी मी आकड्यांचा तक्ता टाइप केला आणि मशीनवरच डोकं टेकून बसलो.

मालूला आम्ही बोलावून घेतलं. ती एसटीने एकटीच आली. बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि तक्ता समोर ठेवला.

“ॲल्युमिना सरासरी एकोणतीस,” त्या म्हणाल्या. “सगळ्यात चांगल्या खड्ड्यात तेहतीस. बाकी लोखंड आणि वाळू. हे बॉक्साइट नाही, मालू. घराच्या भिंतींना लावतात तो जांभा. कंपनीला याचा काही उपयोग नाही. हैबतरावांनी कालच तंबू सोडले. तुमचं गाव कुणी उठवणार नाही.”

मला वाटलं ती रडेल किंवा हसेल. ती तक्त्याकडे पाहत राहिली.

“ह्याच पिशव्या त्या सोमवारी हितं आल्या असत्या,” तिने विचारलं, “तरी येवढंच निघालं असतं?”

“एवढंच. दगड तोच आहे.”

“ते आनून देनार होते सोमवारी.”

“हो.”

बाहेर बाजारात कांद्याची गाडी उलटली होती आणि लोक ओरडत होते. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

“ह्या कागदाची नक्कल मिळंल?” मालू म्हणाली.

“मिळेल की. कशाला?”

“अलिबागला नेते. तुरुंगात आयतवारी भेटू देतात म्हनं. बाबाला वाचता येत नाय. मी वाचून दाखवंन.” तिने बोट तक्त्याच्या पहिल्या ओळीवर ठेवलं. “मला बी आकडे धड येत नायत. मास्तर, शिकवा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलणार होतो, म्हातारा माणूस आहे, आधीच खचला असेल, असं काही. तिचा चेहरा पाहिला आणि ते गिळलं.

मी तिच्या खुर्चीशेजारी बाक ओढून बसलो. बावीस ओळी होत्या. एकेका आकड्यावर बोट ठेवून मी म्हणत होतो आणि ती माझ्यामागून म्हणत होती. सुरुवातीला अडखळली. संध्याकाळी शेवटच्या एसटीची वेळ झाली, तोवर तिला सगळा कागद न चुकता वाचता येऊ लागला होता.